संशोधनपद्धतीचा पाठ : कोसंबींच्या निमित्ताने

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या विनियमांनी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास संशोधनपद्धतीचे अध्ययन सक्तीचे केले. २०२२ च्या नव्या विनियमांतही ते कायम आहे. हेतू स्तुत्यच होय. परंतु या विषयाची जी टिपणे आमच्या पाहण्यात येतात, त्यांत व्याख्या असतात, प्रकार असतात, गुणदोषांच्या याद्या असतात. पद्धत ज्या वस्तूवर चालवावयाची, ती वस्तू मात्र नसते. अशा वेळी गोमंतकाचे सुपुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) यांचे लेखन पदव्युत्तर वर्गांनी पुन्हा उघडावे, असे आम्हांस वाटते.

कोसंबी पेशाने गणिती. तक्षशिलेच्या आहत नाण्यांचा पूर्वापर क्रम लावताना त्यांनी चालू व्यवहारातील नाणीही तोलून पाहिली. हातोहात फिरणारे नाणे झिजते. जितके अधिक फिरावे तितके सरासरी वजन घटते आणि एकाच वयाच्या नाण्यांतील वजनाची तफावत वाढते. हाच नियम त्यांनी प्राचीन संचास लावला. मागील बाजूवरचे ठसे वाढतात तसे वजन उतरते, हे त्यांनी दाखविले. येथे संख्याशास्त्र शोभेसाठी आलेले नाही. प्रश्नानेच ते मागून घेतले आहे.

‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या इंग्रजी ग्रंथात हाच अभ्यासक तराजू खाली ठेवून पायी निघतो. पुणे परिसरातील देवींची ठाणी, जुन्या वाटांचे तिठे आणि तेथे सापडणारी सूक्ष्मास्त्रे यांची तो सांगड घालतो. गोव्याच्या जुन्या काबिजादींतील गावकरी संस्थेचा विचार करताना पुराणकथेसोबत जमिनीची वहिवाटही तपासतो.

तथापि आमचा एक आक्षेप आहे. नाण्यांच्या बाबतीत पडताळ्याची जी कसोटी कोसंबींनी स्वतःस लावली, ती ठाण्यांच्या बाबतीत तितकी कडक राहिलेली नाही. शेंदूर लावलेल्या तांदळ्याशेजारी प्राचीन हत्यार सापडले, एवढ्यावरून तेथील पूजा अखंड चालत आली असे सिद्ध होत नाही. पाणी, सावली आणि वाट या सोयी दोन्ही काळच्या माणसांना सारख्याच हव्या असतात. जागा एकच राहून परंपरा मध्ये तुटलेली असू शकेल. ठाणे नसलेल्या किती जागी तशीच हत्यारे मिळतात, याचा काटेकोर हिशेब शेजारी मांडलेला हवा होता.

विद्यार्थ्यास ही उणीवही त्या यशाइतकीच शिकवणारी आहे. म्हणून परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी त्याच्यापुढे गावचे एखादे ठाणे, जुने दप्तर किंवा मूठभर नाणी ठेवावीत. यावरून काय सांगता येते, हे विचारावे आणि काय सांगता येत नाही, हेही विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्यास देता आले, त्यास पद्धत आली असे आम्ही समजू.