स्लाऊ स्थानकासमोर दोन मिनिटं

स्लाऊचं नाव काढलं की लंडनकर नाक मुरडतात, आणि त्यांचं बघून आपणही मुरडायला शिकलोय. पुढच्या वेळी गाडी पकडण्याआधी दोन मिनिटं रस्त्यावर थांबा आणि स्थानकाची छपरं बघा. फ्रेंच धाटणीची, बाकदार, माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असलेली. ही इमारत १८८० च्या दशकातली; आपलं व्हीटीही त्याच दशकात, १८८८ साली पुरं झालं. व्हीटीसमोर माणूस लहान होतो. इथली इमारत एखाद्या ऐसपैस वाड्याएवढी, आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त आवडते.

मौज म्हणजे इथे स्थानक होऊच नये अशी तरतूद होती. शेजारच्या ईटन कॉलेजला रेल्वेमुळे पोरं बिघडण्याची धास्ती. म्हणून १८३५ च्या कायद्यात ईटनपासून तीन मैलांच्या आत स्थानकाला मनाई झाली. ग्रेट वेस्टर्न कंपनीने कायदा अक्षरशः पाळला! स्थानक बांधलं नाही, पण १८३८ पासून गाड्या थांबवल्या आणि तिकिटं जवळच्या खानावळीत विकली. ईटनने कोर्ट गाठलं आणि हार खाल्ली. त्याच वर्षी जूनमध्ये राणीच्या राज्याभिषेकाला मुलांना न्यायला याच ईटनने खास गाडी मागितली होती, हेही लक्षात असू द्या.

१८४० मध्ये अखेर स्थानक आलं. गाव रुळांच्या दक्षिणेला, म्हणून ब्रुनेलने जायची आणि यायची दोन्ही स्थानकं त्याच बाजूला बांधली, प्रवाशाला रूळ ओलांडावे लागू नयेत म्हणून. गाड्यांना मात्र एकमेकींची वाट अडवावी लागे. १३ जून १८४२ रोजी व्हिक्टोरिया राणीने पहिला रेल्वेप्रवास केला तो इथूनच.

आजच्या इमारतीत दोष एकच: तिचं सगळं वैभव रस्त्याकडे तोंड करून आहे. फलाटावर उभं राहिलं की डोक्यावर साधा मांडव, छपराचा पत्ताच नाही. रोज जा-ये करणाऱ्या आपल्यासारख्यांना ते दिसणार कसं?

फलाटावर बघण्यासारखा आहे तो जिम. रेल्वेतल्या विधवा-अनाथांसाठी नाणी गोळा करणारा हा कुत्रा १८९६ मध्ये गेला. पेंढा भरून त्याला पाच नंबरच्या फलाटावर काचेच्या पेटीत ठेवलंय. गेल्या उन्हाळ्यात आई आली होती. गोष्ट ऐकून तिने लगेच पर्स उघडली. सुटे सापडेपर्यंत आमची गाडी आली.