सरासरीत न मावणारे

पॉवर इलेक्ट्रॉनिक्समधील नियंत्रकांच्या गणिताची चर्चा आर. डी. मिडलब्रुक आणि स्लोबोदान चूक यांच्या १९७६ सालच्या निबंधाला वगळून करता येत नाही. (आडनाव खरोखरच ‘चूक’ असे उच्चारतात, निबंध मात्र बिनचूक आहे.) स्विच चालू असताना परिपथाचे एक समीकरण, बंद असताना दुसरे. सेकंदाला लाखभर वेळा होणारी ही अदलाबदल त्यांनी सरासरी घेऊन एकाच समीकरणात बसवली. मग नियंत्रक रचणाऱ्याला आपली नेहमीची हत्यारे वापरता आली.

बूस्ट कन्व्हर्टरमध्ये या पद्धतीची ताकद दिसते. व्होल्टेज वाढवायचे म्हणून स्विच जास्त वेळ चालू ठेवला, की तेवढा वेळ इंडक्टर ऊर्जा साठवत बसतो आणि पुढच्या कपॅसिटरला पुरवठा कमी मिळतो. व्होल्टेज आधी खाली जाते, मग चढते. सरासरीचे समीकरण हा उलटा झोका नेमका पकडते. भार वाढला की नियंत्रकाने अधिक सबुरीने वागले पाहिजे, हेही सांगते. एरवी हे कळायला किती ट्रान्झिस्टर जाळावे लागले असते!

माझा आक्षेप या निबंधावर नाही, त्याच्या आपल्याकडील वापरावर आहे. इंडक्टरमधला प्रवाह ठरावीक शिखराला पोहोचताच स्विच बंद करणारा नियंत्रक घ्या. स्विच चालू राहण्याचा वाटा ६० टक्के असेल, तर प्रवाहातला बारीकसा फरक दर आवर्तनात दीडपट होतो, तोही दिशा बदलून. दहा आवर्तनांत सुमारे ५८ पट. हे काढायला दोन उतारांचे गुणोत्तर पुरते. पण साध्या सरासरी प्रतिमानाला त्याचा पत्ता नसतो, कारण एकदा वर, एकदा खाली जाणारा हा फरक सरासरीत पुसला जातो. रे रिडली यांनी १९९० च्या प्रबंधात ही उणीव भरून काढली. प्रवाह आवर्तनातून एकदाच तपासला जातो, ही गोष्ट त्यांनी प्रतिमानात आणली.

तरीही माझ्या वाचनात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अनेक प्रबंधांत नियंत्रक सरासरी प्रतिमानावर रचलेला असतो आणि संगणकावर त्याच प्रतिमानाशी ताडून ‘सिद्ध’ केलेला असतो. आलेख गुळगुळीत, पानभर. ज्याने प्रश्नपत्रिका काढली त्यानेच ती सोडवावी, तसा हा प्रकार. स्विचिंगच्या निम्म्या वारंवारितेजवळ हे समीकरण बोलेनासे होते, एवढे एक वाक्यही त्यात सापडत नाही. परीक्षक ते मागतही नाहीत.