'रिमेन इन लाइट' पुन्हा ऐकताना

बी.एड.ला असताना एका मित्राने 'टॉकिंग हेड्स' या न्यूयॉर्कच्या न्यू वेव्ह रॉक बँडचा 'रिमेन इन लाइट' (१९८०) हा अल्बम एमपीथ्रीच्या सीडीवर घालून दिला होता. आठ गाणी. सातवे, 'लिसनिंग विंड', लागले की मी आवाज कमी करायचो. खोलीच्या भिंती पातळ होत्या, गाण्यात बॉम्ब होता आणि माझे नाव मुसलमानाचे होते. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत अल्बम सलग ऐकला. आवाज कमी न करता.

गायक डेव्हिड बर्न आणि निर्माता ब्रायन ईनो यांच्यासह बँडने बहामातील नासाऊच्या स्टुडिओत आधी ठेक्यांचे आणि गिटारीचे छोटे तुकडे एकमेकांवर रचले. शब्द नंतर आले. गाणी बहुधा एकाच कॉर्डवर फिरत राहतात. कव्वालीत एकच ओळ घोळवत नेतात, तशी त्यांची नशा हळूहळू चढते. ही रीत त्यांनी नायजेरियाच्या फेला कुटींच्या संगीतातून उचलली.

मग ही चोरी का? पूर्वी मी तसे बिनदिक्कत म्हणत असे. पण आपल्याकडे उस्तादाचे नाव घेताना शागीर्द कानाची पाळी धरतो. या बँडनेही अल्बमसोबत पत्रकारांना पुस्तकांची यादी पाठवली होती. तीत घानात ढोलवादन शिकलेल्या जॉन चेर्नॉफ या अमेरिकी अभ्यासकाचा आफ्रिकी तालावरचा १९७९चा ग्रंथ होता. म्हणजे ऋण लपवले नव्हते. तरी माझी तक्रार उरतेच: उस्तादाची ओळखसुद्धा अमेरिकी लेखकाच्या पुस्तकातून का व्हावी?

'लिसनिंग विंड'मध्ये हीच अडचण अधिक बोचते. मोजिक नावाचा माणूस टेकडीवरून आपले गाव पाहतो, परके लोक येण्यापूर्वीचे दिवस आठवतो आणि अमेरिकनांविरुद्ध बॉम्ब पेरतो. बर्न त्याला शिवी देत नाही, त्याची आरतीही करत नाही. २००१ नंतर असे गाणे लिहिण्याचे धाडस किती जणांना झाले असते? त्याला गाव आहे, आठवणी आहेत, हे गाण्याचे मोठेपण. पण त्याला आई नाही, शेजारी नाही, 'अरे, हे करू नकोस' म्हणून हात धरणारे कोणी नाही. त्याच्याशी बोलतो तो फक्त वारा. मरणाऱ्यांनाही नाव नाही. मी ज्या मोहल्ल्यात वाढलो, तिथे असा एकटा माणूस मला दिसला नाही. प्रत्येकामागे चार माणसे असत आणि त्यांतली तीन भांडत असत. बर्नने मोजिकची बाजू दुरून ऐकली, घरात शिरून नाही.

२०१८ साली बेनिनच्या गायिका अँजेलिक किजो यांनी हा सगळा अल्बम नव्याने गायला. त्यात आपल्या भाषांचे शब्द मिसळले. ढोलांवर होते टोनी अ‍ॅलन, खुद्द फेलांचे जुने साथीदार. ज्यांच्याकडून घेतले, त्यांच्या मुलखाने ते आपल्या आवाजात परत मागितले. मला हे मूळ अल्बमवरचे सर्वांत चांगले समीक्षण वाटते. त्याने मूळ अल्बम लहान होत नाही. अपुरा होता एवढेच कळते.

वाचकांनी दोन्ही अल्बम पाठोपाठ ऐकावेत. सातवे गाणे गाळू नये.