चालता खर्ज

ज्याच्या नांवाची चौकशी कोणी करीत नाहीं असा एक तरी वादक प्रत्येक वाद्यवृंदांत असतोच. पाश्चात्त्य धर्तीच्या वृंदांत तो बहुधा बास गिटार वाजविणारा असतो. गाणाऱ्याचें नांव आपण विचारतों, ड्रम वाजविणाऱ्याकडे मुलें टक लावून पाहतात. पण चार जाड तारांवर जो खालून एकसारखा चालत असतो त्याच्याविषयीं ‘हा काय करतो?’ एवढ्या प्रश्नापलीकडे आपली रसिकता जात नाहीं. त्या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें निमित्त आम्हांस मांडव्यास मिळालें.

अलिबाग तालुक्यांतील हें बंदर मुंबईच्या इतकें समोर आहे कीं रात्रीं तिकडचे दिवे दिसतात. तेथील आमच्या परिचयाचा एक तरुण बास गिटार शिकण्यासाठीं लाँचेनें गेटवेला जात असे. पावसाळ्यांत गेटवेच्या लाँची बंद असतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मोटारी वाहून आणणारी मोठी बोट सुरू झाली आहे खरी. परंतु तिची वेळ आणि गुरूची वेळ यांचा मेळ बसेना. तेव्हां त्यानें एक पुस्तक आणलें व पावसाळाभर त्यावरून ‘वॉकिंग बास’ घटविला. गणपतींत त्यानें तो आम्हांस ऐकविला. बारा खंडांची ब्लूजची फेरी, प्रत्येक खंडांत चार स्वर, असे अठ्ठेचाळीस स्वर त्यानें एकही न चुकतां वाजविले. मग आम्हीं त्याच्या गिटारवाल्या सोबत्याला सांगितलें, कीं हीच फेरी पुन्हां वाजव, पण नवव्या खंडांत कॉर्ड बदल. कॉर्ड बदलली, आणि आमचा तरुण जागच्या जागीं थांबला. त्याचें तोंड उतरलें. आम्हांसही वाईट वाटलें, कारण चूक त्याची नव्हती. त्याला स्वर पाठ झाले होते. चालणें त्याला कोणी शिकविलेंच नव्हतें.

हें चालणें म्हणजे काय? जॅझमध्यें बहुधा चार मात्रांचा एक खंड असतो, आणि खंडागणिक किंवा अर्ध्या खंडावर कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा तीनचार स्वरांचा संघ, बदलत जातो. बासवाला मात्रेस एक याप्रमाणें स्वर टाकीत जातो. पहिल्या मात्रेवर बहुधा त्या संघाचा मूळ स्वर, मधल्या दोहोंवर त्यांतलेच दुसरे स्वर, आणि चौथीवर असा स्वर, कीं तेथून उचललेलें पाऊल पुढच्या संघाच्या मूळ स्वरावरच पडावें. पांढरी एक हा षड्ज धरला, तर ऋषभावरचा संघ, मग पंचमावरचा आणि शेवटीं षड्जावरचा, ही जॅझमधली नित्याची वाट आहे. तिच्यावरील एक साधी चाल अशी: रे म ध कोमल ध, प नी रे कोमल रे, सा. शुद्ध धैवतामागून लगेच कोमल धैवत, आणि ऋषभामागून कोमल ऋषभ! ललतांत दोन मध्यम लागोपाठ येतात हें ज्याला ठाऊक आहे अशा श्रोत्यासही हें एकदम रुचणार नाहीं. पण हा कोमल धैवत उंबरठ्यासारखा आहे; त्यावर बसावयाचें नसतें, तो ओलांडून पंचमांत शिरावयाचें असतें. तबलजी तिहाई घेऊन समेवर येतो तेव्हां श्रोत्याच्या मनांत जी ओढ उत्पन्न होते, तीच येथें एका मात्रेंत उत्पन्न करावयाची असते. त्या तरुणाच्या पुस्तकांत हा चौथा स्वर कोणत्या तारेवर कितव्या पट्टीवर दाबावा तें आंकड्यांनीं दाखविलें होतें. तो तेथें कां आला, याविषयीं अक्षर नव्हतें.

बोटांची अडचण आम्ही मोठी मानीत नाहीं. सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें एकेचाळीस आंदोलनें देते. ती दाबण्यास जोर लागतो, फोड येतात, पण महिन्याभरांत कातडी घट्ट होते. खरी अडचण कानाची आहे, व ती मराठी विद्यार्थ्यास अधिक आहे. भजनांतल्या एकतारीपासून मैफलीतल्या तंबोऱ्यापर्यंत आपण जें ऐकत वाढतों, त्यांत षड्ज एकदां लागला कीं गाणें संपेपर्यंत तो हलत नाहीं. सारी करामत त्या न हलणाऱ्या स्वराच्या आधारानें चालते. येथें तर आधारच चालूं लागतो. पहिल्या चार मात्रा ऋषभ हें घर, पुढच्या चार मात्रा पंचम हें घर. आणि तरीही मूळच्या षड्जाची आठवण सुटतां कामा नये. आपल्या शास्त्रांत मूर्च्छनेची कल्पना आहे, षड्ज सरकवून नवा राग दाखविण्याची हौस कांहीं गायकांस आहे. परंतु तो क्वचित् दाखवावयाचा चमत्कार असतो. बासवाल्याचा तो रोजचा धंदा आहे. लग्नाच्या वरातींतलें मोठें पितळी वाद्य ज्याप्रमाणें दोनच स्वरांवर आळीपाळीनें पाय ठेवतें, त्याप्रमाणें आमच्या तरुणाचा कान पहिल्यानें दोनच स्वर ओळखत होता.

म्हणून पुस्तकांचा क्रम आम्हांस मान्य नाहीं. तीं सप्तकें घटवून घेतात, मग तयार ओळी देतात. आमच्या मतें वाद्य बाजूस ठेवून साऱ्या फेरीचे मूळ स्वर हातानें मात्रा धरून आधीं गळ्यानें गावे. ते चुकेनासे झाले म्हणजे वाद्यावर पहिली मात्रा, तिच्यामागून चौथी, आणि दुसरी-तिसरी सर्वांच्या शेवटीं घ्यावी. मधले स्वर थोडे इकडचे तिकडे झाले तर फारसें बिघडत नाहीं.

ही कला साथीची असल्यामुळें दुय्यम आहे, असा आक्षेप येतो. तो जुना आहे, आणि त्याला उत्तरही जुनें आहे. १७२२ सालच्या बाखच्या प्रसिद्ध संग्रहांतील शेवटचा प्रेल्यूड पाहावा. त्यावर ‘आंदान्ते’, म्हणजे चालत्या गतीनें, अशी खूण आहे, आणि त्यांतला खालचा आवाज अखंड चालत असतो. तो काढला तर वरच्या दोन आवाजांचा संवाद अधांतरीं राहतो. अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत काउंट बेसीच्या वृंदांत वॉल्टर पेज यानें हेंच काम उभ्या मोठ्या बासवर केलें. जिमी ब्लँटन १९३९ मध्यें ड्यूक एलिंग्टनकडे आला व १९४२ मध्यें, अवघ्या तेविसाव्या वर्षीं, वारला. तेवढ्या अवधींत त्यानें बासला एकट्यानें बोलावयास लाविलें. ब्लँटनची तयारी मोठी, हें कबूल. तथापि शिकणाऱ्यानें आधीं पेज ऐकावा, असें आमचें मत आहे. ब्लँटनची नक्कल करणारे फार, आणि पेजप्रमाणें साऱ्या वृंदाला तोलून धरणारे थोडे. १९५१ मध्यें लिओ फेंडरनें पट्ट्या बसविलेली विजेची बास बाजारांत आणली, त्यामुळें वाद्य खांद्याला अडकवितां आलें आणि स्वर अचूक लागूं लागला. चालण्याचा विचार मात्र वादकालाच करावा लागतो.

हें संगीत आपल्याला परकें आहे असेंही कोणी म्हणूं नये. मांडव्यासमोरच्याच किनाऱ्यावर ताजमहाल हॉटेलांत १९३५ सालीं लिऑन अॅबीचा वृंद जॅझ वाजवीत होता. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेले गोमंतकीय वादक हें संगीत उचलून सिनेमाच्या स्टुडिओंत घेऊन गेले. पुणतांब्यास जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्या हाताखालीं चिक चॉकलेट या नांवानें गाजलेले गोव्याचे आंतोनियो झेवियर वाझ होते. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत ते पडद्यावरही दिसतात. तीं गीतें आपण सत्तर वर्षें गुणगुणत आहों. त्या तबकड्यांवर गायकाचें व संगीतकाराचें नांव असे, पण बास वाजविणाऱ्याचें नांव छापण्याची रीत नव्हती, आणि आपल्या समीक्षकांसही तें शोधावेंसें वाटलें नाहीं. सी. रामचंद्रांच्या चालींवर मराठींत थोडें लिहिलें गेलेलें नाहीं. त्यांत खालच्या स्वरांविषयीं किती ओळी निघतील, हें वाचकांनींच पाहावें. या अनास्थेंत आमचाही वाटा आहे. आम्हीही हीं गाणीं वर्षानुवर्षें वरवरच ऐकलीं.

पाऊस सरून लाँची सुरू झाल्यावर आम्ही पुन्हां मांडव्यास गेलों. तरुण धक्क्यावरच भेटला. वाद्य पिशवींत होतें, आणि लाँचेची वाट पाहत तो हातानें मात्रा धरून मूळ स्वर गात होता. लोक पाहत होते त्याची त्याला फिकीर नव्हती. आम्हांस पाहतांच म्हणाला, “काका, नवव्या खंडापूर्वींची चौथी मात्रा वरून घेऊं कीं खालून?” आम्हीं खालून सांगितलें. त्याला तें पटलें नाहीं. लाँच लागेपर्यंत आमचा वाद चालला होता, आणि शिडी चढतांना वळून तो पुन्हां म्हणाला, “नाहीं काका, वरूनच.”