साल्गादोचा इग्वाना आणि आमचा सडा

सेबास्तियाओ साल्गादोचं 'जेनेसिस' (2013) मला आवडतं, हे आधीच कबूल करते. पण आवडणं म्हणजे समीक्षा नव्हे. ज्यांना छायाचित्रं संशोधनाची सामग्री म्हणून वापरायची आहेत, त्यांनी इथे जरा थांबावं.

या प्रकल्पाची सुरुवात 2004 साली गालापागोसला झाली. ज्वालामुखीतून वर आलेली बेटं. तिथल्या सागरी इग्वानाचा फोटो बघा: नुसता पंजा, चिलखतासारखे खवले. खडक कुठे संपतो आणि जीव कुठे सुरू होतो, क्षणभर कळत नाही. याउलट पुस्तकातली दुरून टिपलेली भव्य दृश्यं आपल्याला दिपवतात, पण तिथे नेमकं काय तुटू शकतं ते सांगत नाहीत. साल्गादोला ते ठाऊक नव्हतं असं नाही. त्याने आणि पत्नी लेलियाने 1998 पासून ब्राझीलमधल्या उजाड झालेल्या घरच्या जमिनीवर पुन्हा जंगल उभं केलं. ते भान चौकटीत कमी उतरलं, एवढंच माझं म्हणणं.

दोडामार्गची असल्यामुळे मला हे जास्त खुपतं. आमचा जांभ्याचा सडा मे महिन्यात करपलेला, रिकामा. वाईड लेन्स लावून कृष्णधवल फोटो काढा, झकास येतो! पण अशा जमिनीला सातबाऱ्यावर 'पोटखराबा' म्हणतात, आणि आपला फोटोही नकळत तेच म्हणतो: इथे काही नाही. मग उद्या चिरेखाण आली तर हरकत कोण घेणार? त्याच कातळावर पावसाळ्यात गुडघे टेकून बघा. बोटभर मातीत सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद. पहिल्या दोन तर कीटकभक्षी, कारण त्या मातीत पोषणच तुटपुंजं. वाईड लेन्सला यातलं काहीच दिसत नाही.

म्हणजे जवळून काढलेला फोटो चांगला? तसंही नाही. कासला फुलांच्या जवळून काढलेल्या फोटोंनीच गर्दी ओढली, आणि लोक फोटोसाठी फुलांतच बसायला लागले. माझं सूत्र इथे लंगडं पडतं, आणि प्रबंधात मला ते मान्य करावं लागणार आहे.

आणखी एक. दख्खनचा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. पण सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात त्याहून कितीतरी जुने खडक उघडे आहेत, आणि जांभा त्यांच्यावरही तयार होतो. तेव्हा दोडामार्गच्या फोटोखाली सरसकट 'ज्वालामुखीचा प्रदेश' लिहू नका. फोटोखालची ओळ हासुद्धा पुरावाच असतो, आणि गाईड आधी तीच धरतात.