पी-व्हॅल्यू झकास, पण कंट्रोल गट कोणता?

हृदयविकारातल्या रक्तचाचण्यांवर विषय शोधताय? मग एक साचा तुम्हाला वारंवार भेटेल. काही हृदयरुग्ण, तेवढेच निरोगी लोक, दोघांचं आयएमए आणि एचएस-सीआरपी मोजायचं. रुग्णांत दोन्ही जास्त, पी ०.००१ पेक्षा कमी. निष्कर्ष: 'निदानासाठी उपयुक्त'. माझा आक्षेप या शेवटच्या दोन शब्दांना आहे.

आधी चाचणी समजून घ्या. आयएमए म्हणजे इस्किमिया मॉडिफाइड अल्ब्युमिन. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं की अल्ब्युमिनची कोबाल्ट धरून ठेवायची ताकद घटते. सीरममध्ये ठरावीक कोबाल्ट घालतात आणि जो सुटा राहतो त्याचा रंग मोजतात. ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात, आयएमए काही मिनिटांतच वाढतं. आकर्षण त्याचंच.

आता आपल्या जिल्ह्यातला पेशंट डोळ्यांसमोर आणा. अकोले-संगमनेरकडून लोणीच्या रुग्णालयात आलेला. कुपोषणामुळे किंवा लिव्हरच्या आजारामुळे त्याचं अल्ब्युमिनच कमी असेल, तरी कोबाल्ट सुटा राहणार आणि आयएमए 'वाढलेलं' दिसणार. सीआरपीचंही तसंच. हिरड्यांचा आजार, ऊसतोडीत कोयत्याची चिघळलेली जखम, साधा ताप, कशानंही ते चढतं. म्हणूनच २००३ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना सांगतात की ते १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेलं तर आधी संसर्ग वगैरे शोधा आणि चाचणी पुन्हा करा.

खरी गोम मात्र कंट्रोल गटात आहे. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला हृदयरुग्ण आणि धडधाकट माणूस यांत निवड करायची नसते. समोर छाती धरून बसलेला माणूस असतो. हे हृदयाचं की ॲसिडिटीचं, एवढंच त्याला ठरवायचं असतं. बार-ऑर आणि सहकाऱ्यांनी २००० साली ही चाचणी मांडली, तेव्हा दोन्ही गटांत छातीत दुखणारेच पेशंट घेतले होते. आपण नेमकं तेच सोडून दिलं.

दाह महत्त्वाचा नाही, असं मी म्हणत नाही. २०१७ च्या कॅन्टोस चाचणीत १०,०६१ रुग्ण होते. कोलेस्टेरॉल कमी न करता, फक्त दाह कमी करून १५० मिलिग्रॅमच्या डोसनं पुढचे झटके, स्ट्रोक व हृदयमृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. पण हा पुढच्या धोक्याचा पुरावा झाला, आजच्या निदानाचा नव्हे.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना एवढं बघाच: छातीत दुखणारे सगळे पेशंट ओळीनं घ्या, दुखणं कधी सुरू झालं ते नोंदवा, अल्ब्युमिन सोबतच मोजा. आणि ईसीजी-ट्रोपोनिनच्या पुढे तुमची चाचणी काय नवीन सांगते, ते दाखवा. पेशंटच्या खिशातून पैसे जाणार आहेत, तेवढं उत्तर त्याला देणं लागतो आपण.