सावजाचा डोळा कुठे गेला?

वन्यजीवांच्या दिनदर्शिका, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, प्रदर्शने आणि मोबाइलवर रोज येऊन आदळणारी चित्रे पाहताना गेली काही वर्षे मनात एकच तक्रार साचत आली आहे. वाघ समोरून चालत येतो आहे. नजर थेट कॅमेऱ्यात, अंगावरचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्वच्छ, आणि मागचे सगळे रान पुसून टाकलेले. या वाघाची भीती वाटत नाही. ज्या जनावराचा नुसता वास आला तरी सांबर जागच्या जागी थिजते, त्याचे चित्र दिवाणखान्यात लावून आपण त्याच्याखाली निवांत चहा पितो. जगातली सगळ्यात जुनी भीती आपल्या छायाचित्रकारांनी गुळगुळीत करून टाकली, आणि त्याबद्दल त्यांना बक्षिसे मिळत आहेत. हे मला सहन होत नाही.

शिकारी आणि सावज यांच्या चित्रात भीती असते कुठे? सुळ्यांत नसते, रक्तात तर नसतेच. रक्त दिसले म्हणजे गोष्ट संपलेली असते. मग किळस येते, हळहळ वाटते, पण भीती ओसरून गेलेली असते. भीती राहते दोनच जागी. एक, सावजाला कळून चुकले आहे आणि अजून काहीच घडलेले नाही, त्या क्षणात. दुसरी, आपल्याला गवतातले कान दिसले आहेत आणि चरणाऱ्या चितळाला दिसलेले नाहीत, त्या अंतरात. दोन्ही ठिकाणी चित्राचा कर्ता सावज आहे. शिकारी नुसता कारण आहे.

हे आमच्या खुलताबाद तालुक्यात बाराशे वर्षांपूर्वीच दगडात सांगून ठेवलेले आहे. वेरूळच्या पंधराव्या लेण्यात, दशावतारात, वरच्या मजल्यावर नरसिंह आहे. राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा लेख असलेले हे लेणे. आपल्या डोळ्यांसमोरचा नेहमीचा नरसिंह हिरण्यकशिपूला मांडीवर आडवा घेऊन आतडी बाहेर ओढतो. इथे तसे काही नाही. दोघेही उभे आहेत. हिरण्यकशिपूच्या हातात ढाल-तलवार आहे, म्हणजे तो अजून लढणारा वीर आहे. पण पंजा येऊन पडला आहे, आणि त्या पंजाच्या वजनाने सगळा निकाल लागलेला आहे. पोट फाटायचे आहे. शिल्पकाराने ते फाडले नाही म्हणून पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होते. शस्त्र हातात असताना त्याचा काही उपयोग नाही हे ज्याला कळले, त्याच्याइतका भ्यालेला दुसरा कोण असणार? इंग्लंडात जॉर्ज स्टब्जने अठराव्या शतकात सिंहाने झेप घातलेला घोडाही रंगवला आणि सिंहाला नुसता पाहून बुजलेला घोडाही. माझ्या मते दुसराच जास्त अंगावर येतो.

अलीकडच्या काळात ही जाण ज्या एका छायाचित्रात पुरेपूर उतरली, ते चीनच्या योंगचिंग बाओ यांचे. 'द मोमेंट' या नावाने त्याला २०१९ मध्ये वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर या स्पर्धेचा सर्वोच्च मान मिळाला. छिंगहाईच्या पठारावर तिबेटी कोल्हा आणि मार्मोट, म्हणजे बिळात राहणारा गुबगुबीत कुरतडणारा प्राणी, अचानक समोरासमोर आलेले आहेत. मार्मोट एका पायावर उचलला गेला आहे, तोंड वासलेले, पुढचे पाय हवेत. मोबाइलवर लोक ते पाहून खूप हसले, विनोदी ओळी जोडून ते फिरवले. त्या हसण्यात काय लपलेले आहे ते नीट पाहिले पाहिजे. मार्मोटचे शरीर त्याच्या ताब्यात राहिलेले नाही. पळावे की थांबावे हे ठरायच्या आधीच ते हलले आहे, आणि पाचावर धारण बसलेले कुठलेही शरीर असेच वेडेवाकडे दिसते. आपण हसतो, कारण तसे शरीर आपलेही आहे. आणि महत्त्वाचे हे की कोल्हा आणि मार्मोट यांच्यामधली जमीन चित्रात आहे. किती पावले उरली आहेत ते आपल्याला मोजता येते.

हे पावलांचे मोजमापच आजच्या छायाचित्रातून हद्दपार झाले आहे. हायनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने फार पूर्वी दाखवून दिले की शत्रू किती जवळ आला म्हणजे पळायचे, याचे प्रत्येक जनावराचे एक अंतर ठरलेले असते. शिकार म्हणजे त्या अंतराचा व्यवहार. बिबट्या दबा धरतो तो हे अंतर चोरण्यासाठी. आता आमच्या मंडळींची साधने बघा. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे ठेवले की मागचे-पुढचे रान वितळून जाते. गवत, सावली, ओहोळ, पळायची वाट, सगळे साफ. त्याला 'बोके', म्हणजे मागची धूसरता, 'सुंदर आला' म्हणतात. दुरून ६०० मिमीची लेन्स लावली की पुढचे आणि मागचे जनावर एकमेकांना चिकटल्यासारखे दिसते. ऐंशी पावलांवरचा वाघ हरणाच्या शेपटीशी येतो. आणि एका सेकंदाच्या दोन-तीन हजाराव्या भागात गोठवलेली उडी हवेत टांगलेल्या नर्तकीसारखी देखणी होते. जागा गेली, अंतर गेले, वेळ गेला. मग भीती राहणार कशात?

वन्यजीव छायाचित्रणातल्या बाकीच्या प्रवाहांवर जागा खर्च करावी असे त्यांत फार नाही. चोचीत मासा धरून पाणी उडवणारे खंड्या आणि भिगवणचे मासेमार गरुड ही चपळाईची कसरत आहे. ड्रोनमधून काढलेले कळप हे नकाशे आहेत. मोबाइलवर बिबट्या आल्याची हाकाटी करत फिरणारी, यंत्राने बनवलेली चित्रे तर चित्रे म्हणायच्या लायकीची नाहीत.

बनावटीचा प्रश्न मात्र एका ओळीत उडवता येत नाही. १९६० च्या दशकात 'लाइफ' मासिकाचे जॉन डॉमिनिस यांनी बिबट्यासमोर उलटा फिरून तोंड वासलेला बबून माकड टिपला. ते चित्र जगभर निसर्गातल्या भीतीचे प्रतीक ठरले. पुढे कळले की तो बिबट्या पकडून आणून बबूनांपुढे सोडलेला होता. २००९ च्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरमध्ये कुंपणावरून झेपावणारा लांडगा सर्वोत्तम ठरला, आणि तो माणसाळलेला असावा असा परीक्षकांचा निष्कर्ष झाल्यावर २०१० च्या जानेवारीत बक्षीस काढून घेतले गेले. या दोन चित्रांत मोठा फरक आहे. लांडग्याच्या चित्रात भ्यायला कोणी नव्हतेच. डॉमिनिसच्या चित्रात बिबट्या आणलेला होता, पण बबूनचा जिवाचा आकांत शंभर टक्के खरा होता. म्हणूनच ते चित्र आजही अंगावर काटा आणते, आणि म्हणूनच ते अक्षम्य आहे. चित्रासाठी ती भीती माणसाने घडवून आणली.

याच्या उलट गत ॲलिसन बुट्टिजिएग यांच्या मसाई माराच्या चित्राची झाली. चित्त्यांच्या तावडीत सापडलेले इम्पाला त्यात शांत उभे दिसते. पिल्लांना वाचवायला आईने स्वतःचा बळी दिला, अशी खोटी कथा त्याला चिकटवली गेली आणि मराठी घरांतल्या मोबाइलवरच्या गटांतूनही ती डोळे पुसत पुढे धाडली गेली. खुद्द छायाचित्रकर्तीने ती फेटाळली. ते जनावर भीतीने बधिर झाले असावे, असे तिचे म्हणणे. जगातले अत्यंत भयंकर चित्र समोर होते आणि आपण त्याचे कीर्तन केले. सावजाच्या डोळ्यात काय आहे ते वाचायची सवयच आपण मोडून घेतली आहे.

मराठी मुलखातून या बाबतीत एक चित्र अभिमानाने पुढे करता येते. नयन खानोलकर यांचे मुंबईच्या आरे वसाहतीतल्या गल्लीतल्या बिबट्याचे. २०१६ च्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरमध्ये शहरी विभागात ते पहिले आले. अरुंद बोळ, दिव्याचा उजेड आणि घरच्यासारखा चालत येणारा बिबट्या. सुळे नाहीत, झेप नाही, सावज तर चौकटीत नाहीच. पण बोळाच्या ज्या तोंडाशी कॅमेरा आहे तिथे आता आपण उभे आहोत, आणि बोळाला दुसरी वाट नाही. रिकामी ठेवलेली सावजाची जागा पाहणाऱ्याने भरायची आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने वाघाच्या वाटेवर तार लावून रात्री वाघाकडूनच त्याची चित्रे काढून घेतली, १९२७ च्या पुस्तकात ती छापली. खानोलकरांचे चित्र हा त्या परंपरेचा खरा वारसा. मार्च २०२१ मध्ये गौताळा अभयारण्याच्या कॅमेरा ट्रॅपमध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ उमटला, तेव्हा आमच्या भागातल्या रानाचा अर्थच रातोरात बदलला.  ट्रॅपच्या चित्रात माणूस हजर नसतो, आणि हाच त्याचा मोठा गुण आहे.

कारण आता मूळ मुद्द्यावर यायलाच हवे. लियाना झॅनेट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये कॅनडात 'साँग स्पॅरो' या पक्ष्यांवर प्रयोग केला. घरट्यांना जाळ्या आणि कुंपणे घालून खरे शत्रू रोखले आणि फक्त शत्रूंचे आवाज ऐकवले. नुसत्या भीतीने पक्ष्यांची पिल्ले ४० टक्क्यांनी घटली. याच गटाने २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगरमधले निष्कर्ष मांडले: पाणवठ्यावरची जनावरे सिंहाच्या आवाजापेक्षा माणसाच्या बोलण्याला जास्त घाबरून पळाली. म्हणजे भीती ही चित्राची सजावट नाही, ती जनावराच्या आयुष्यातून वजा होणारी गोष्ट आहे. आणि रानातला सगळ्यात भयंकर शिकारी जीपमध्ये बसलेला आहे.

३१ डिसेंबर २०२४ ला नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिची पाच पिल्ले पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइडांवर कारवाई झाली. त्या गाड्यांतून निघालेली चित्रे कुठल्या ना कुठल्या मोबाइलात आहेतच. त्यांत वाघीण कॅमेऱ्याकडे रोखून बघत असेल, आणि कोणीतरी तिला रुबाबदार नजर म्हणेल. ती कोंडलेल्या आईची नजर आहे. जी 'नजरेला नजर' आपण एवढी मिरवतो, ती कितीदा अशीच मिळवलेली असते, हे छायाचित्रकारांनी स्वतःला विचारावे. चितळ मान वर करून पाहते तेव्हा ते वाघाकडे पाहते आहे की आमच्याकडे, हे ज्याला सांगता येत नाही त्याने भीतीचे चित्र काढले असे म्हणू नये. त्याने भीती घातली आणि तिचा फोटो काढला.

म्हणून संपादक आणि परीक्षक, दोघांकडे माझे मागणे आहे. चित्राखाली लेन्सच्या आकड्यांऐवजी कॅमेरा जनावरापासून किती अंतरावर होता, किती गाड्या उभ्या होत्या, आमिष ठेवले होते का, एवढे छापा. चेहऱ्यांना बक्षिसे देणे थांबवा आणि अंतराला द्या. ज्यात रान दिसते, वाट दिसते, सावज दिसते, अशा चित्राला द्या. आणि ज्या चित्रात जनावर छायाचित्रकारालाच भ्यालेले आहे, ते कितीही देखणे असो, पहिल्याच फेरीत बाद करा.